केबल काढून फुटबॉल बघायचंय? नागपूरच्या घरासाठी सुरुवातीपासून

केबलवाल्याला फोन लावून "भाऊ, आपलं कनेक्शन बंद करा" असं सांगणं हे या कामातलं अगदी शेवटचं पाऊल आहे. बरेच जण तिथूनच सुरुवात करतात आणि मग शनिवारी रात्री साडेआठला टीव्हीवर गरगर फिरणारं चक्र बघत बसतात. क्रम असा ठेवा: आधी स्पर्धा ठरवा, मग तिचं अ‍ॅप, मग नेटची लाइन, मग टीव्हीला लागणारी स्टिक किंवा डबा. एक पूर्ण महिना दोन्ही सोबत चालवून पाहिल्यावरच केबलला हात लावा. त्या एका महिन्याचं भाडं वाया गेल्यासारखं वाटेल, पण घरातली प्रत्येक अडचण त्याच महिन्यात वर येते, आणि तोवर परतीची वाट उघडी असते.

पायरी १: नेमकं काय बघता, ते कागदावर लिहा

"फुटबॉल बघतो" हे उत्तर पुरेसं नाही. गेल्या दोन महिन्यांत शेवटपर्यंत पाहिलेल्या मॅच आठवून लिहा. बहुतेकांच्या यादीत एकच क्लब आणि एक-दोन स्पर्धा निघतात. प्रीमियर लीगमध्ये २० संघ, प्रत्येकाच्या ३८ मॅच. तुमचा क्लब चॅम्पियन्स लीगमध्येही असेल तर २०२४-२५ पासूनच्या नव्या रचनेत पहिल्या टप्प्यातच आणखी ८ मॅच. आणि इथेच पहिली ठेच लागते. एकाच क्लबच्या या दोन स्पर्धा भारतात दोन वेगळ्या अ‍ॅपवर आहेत.

प्रीमियर लीग जिओहॉटस्टारवर आहे. हे हक्क २०२५-२६ ते २०२७-२८ अशा तीन हंगामांसाठी आहेत. चॅम्पियन्स लीग, युरोपा लीग आणि कॉन्फरन्स लीग या युएफाच्या (युरोपच्या फुटबॉल संघटनेच्या) तिन्ही क्लब स्पर्धा सोनी लिव्हवर, २०२६-२७ च्या हंगामापर्यंत. स्पेनची ला लिगा २०२५-२६ पासून फॅनकोडवर. मेस्सीच्या इंटर मायामीसाठी अमेरिकेची एमएलएस बघायची असेल तर ती अ‍ॅपल टीव्हीवर आहे आणि २०२६ पासून तिच्यासाठी वेगळा पास घ्यावा लागत नाही, अ‍ॅपल टीव्हीचं साधं सबस्क्रिप्शन पुरतं. उन्हाळ्यात त्यांच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी साडेसातला सुरू होणारी मॅच आपल्याकडे पहाटे ५ ला लागते.

ही यादी कायमची समजू नका. २०१८ चा विश्वचषक भारतात सोनीकडे होता, २०२२ चा वायकॉम१८ कडे गेला. आपली इंडियन सुपर लीग (आयएसएल) २०२२-२३ पर्यंत स्टारवर होती, पुढच्या हंगामात तीही वायकॉम१८ कडे गेली. म्हणून दर ऑगस्टला, पैसे भरायच्या आधी, स्पर्धेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर प्रक्षेपकांची देशवार यादी उघडा आणि भारतापुढे कोणाचं नाव आहे ते बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारी यादी कोणत्या वर्षाची आहे, ते तिच्यावर लिहिलेलं नसतं.

एक चांगली गोष्ट सांगायलाच हवी. इंग्लंडमध्ये शनिवारी दुपारी ३ च्या मॅच टीव्हीवर थेट दाखवायला जुनी बंदी आहे, लोकांनी मैदानात यावं म्हणून. मँचेस्टरच्या माणसाला घरी बसून दिसत नाही ती मॅच मानेवाड्यात सोफ्यावर बसून रीतसर दिसते.

पायरी २: प्लॅन निवडणं आणि पैसे भरायची वेळ

कोणत्याही अ‍ॅपच्या प्लॅनमध्ये तीन गोष्टी वाचा: टीव्हीवर चालतो का, एका वेळी किती ठिकाणी चालतो, आणि चित्र किती स्पष्ट मिळतं. किंमत त्यानंतर.

उदाहरण जिओहॉटस्टारचंच घेऊ. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो सुरू झाला तेव्हा तीन महिन्यांना मोबाइल प्लॅन १४९ रुपये, सुपर २९९ आणि प्रीमियम ४९९ होता. दर पुढे बदलत राहतात, पण रचना समजून घ्या: मोबाइल प्लॅन एका फोनपुरता, सुपर एका वेळी दोन ठिकाणी, प्रीमियम चार ठिकाणी. सर्वात जास्त फसगत होते ती मोबाइल प्लॅनवर. स्वस्त दिसतो, लोक घेतात, टीव्हीवर लॉगिन करायला जातात आणि अ‍ॅप प्लॅन वाढवायला सांगतं. फोन टीव्हीला कास्ट करूनही ही अट टळत नाही. प्रीमियम घेतला म्हणजे जाहिराती गेल्या, असंही नाही. थेट सामन्यात त्या राहतात.

मोबाइल रिचार्जसोबत किंवा फायबरच्या प्लॅनसोबत "फुकट" मिळणारं सबस्क्रिप्शन याच कारणासाठी तपासून घ्या. ते बऱ्याचदा सर्वात खालच्या पायरीचं असतं, आणि कधी कधी रिचार्ज २८ दिवसांचं पण अ‍ॅप ९० दिवसांचं किंवा त्याच्या उलट असतं. फायबरवाल्याकडे दोन प्लॅनमधला फरक विचारा. नुसत्या नेटचा प्लॅन आणि अ‍ॅपसकटचा प्लॅन यांच्यात महिन्याला ३०० रुपयांचा फरक असेल आणि त्यातलं तुमच्या कामाचं एकच अ‍ॅप असेल, तर ते अ‍ॅप वेगळं घेतलेलं बरं.

वार्षिक प्लॅन घ्यायचा तर ऑगस्टच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात घ्या. युरोपातला हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो आणि मे अखेरीस संपतो. मार्चमध्ये वार्षिक प्लॅन घेणाऱ्याचे जून-जुलै कोरडे जातात आणि पुढचा हंगाम ऐन रंगात असताना मुदत संपते. फक्त चॅम्पियन्स लीगचे बाद फेरीचे सामने बघायचे असतील तर फेब्रुवारी ते मे एवढंच पुरे. ला लिगातल्या फक्त रिआल-बार्सिलोना लढती बघणाऱ्याने फॅनकोडमध्ये त्या सामन्यापुरता पास दिसतो का ते आधी बघावं.

आता बचतीचा खरा हिशेब. केबलचं बिल समजा महिन्याला ३५० आहे, म्हणजे वर्षाला ४,२००. घरात फायबर आधीपासूनच असेल तर या रकमेत दोन अ‍ॅप वर्षभरासाठी बसतात आणि पैसे उरतात. पण नेटची लाइन फक्त मॅचसाठी नव्याने घेत असाल, तर ३९९ चा प्लॅन १८ टक्के जीएसटी धरून ४७१ ला पडतो. म्हणजे केबलपेक्षा जास्तच, आणि अ‍ॅपचे पैसे त्यावर. अशा घराने केबल ठेवून फक्त हवे ते खेळाचे चॅनल सुटे निवडावेत. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमांनुसार चॅनल एकेक करून घेता येतात. केबलवाल्याने ठरवलेलं पूर्ण पॅकेज घेणं सक्तीचं नाही.

पैसे यूपीआयने भरताना बऱ्याचदा "ऑटोपे"लाही मंजुरी घेतली जाते, म्हणजे पुढचे पैसे आपोआप कटतात. अ‍ॅप फोनमधून काढून टाकलं तरी ते बंद होत नाही. ज्या यूपीआय अ‍ॅपमधून भरलं त्यातल्या ऑटोपेच्या यादीत जाऊन ते रद्द करावं लागतं. पैसे कटायच्या आधी सूचना येते, ती वाचायची सवय ठेवा.

एपीके फाइल (प्ले स्टोअरच्या बाहेरून अ‍ॅप टाकायची फाइल) पाठवून "सगळे चॅनल फुकट" देणाऱ्या टेलिग्राम गटांपासून लांब राहा. अशी फाइल टाकताना ती एसएमएस वाचायची परवानगी मागते, आणि त्याच फोनवर बँकेचा ओटीपी येतो. तसंच, घरगुती सबस्क्रिप्शन घरापुरतं असतं. कॅफेत किंवा चौकात पडदा लावून दाखवायला ते चालत नाही.

पायरी ३: घरातल्या बाकीच्यांचं काय?

केबल काढायचा बेत मॅचमुळे क्वचितच फसतो, तो फसतो आईच्या मालिकेमुळे. स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीच्या मालिका जिओहॉटस्टारवर मिळतात, झी मराठीच्या झी५ वर, सोनी मराठीच्या सोनी लिव्हवर. म्हणजे प्रीमियर लीगसाठी घेतलेल्या अ‍ॅपमध्ये घरातल्या निम्म्या मालिका येऊन जातात. मराठी बातम्यांची चॅनल यूट्यूबवर थेट आणि फुकट दिसतात.

अडचण वेळेची आहे. हिवाळ्यात प्रीमियर लीगची मुख्य मॅच रात्री साडेआठला, आणि मालिकाही त्याच वेळी. एक टीव्ही आणि मोबाइल प्लॅन असलेल्या घरात इथे वाद ठरलेला. दोन ठिकाणी चालणारा प्लॅन असेल तर एकीकडे टीव्ही आणि दुसरीकडे फोन एकाच खात्यावर चालतो. आजीला रिमोटवर अ‍ॅप उघडणं जमत नसेल तर होम स्क्रीनवर तिचं अ‍ॅप पहिल्या जागेवर आणून ठेवा. रिमोटचं माइकचं बटण दाबून मराठीत नाव घ्यायला शिकवा, बहुतेक वेळा ते जमतं. तेही नको असेल तर डीडी फ्री डिशची छत्री आहे. तिला महिन्याचा खर्च नाही आणि सह्याद्री वाहिनी त्यावर दिसते.

पायरी ४: नेट किती लागतं

फुल एचडी थेट सामन्याला साधारण ५ ते ८ एमबीपीएस वेग सलग लागतो, ४के ला १५ ते २५. खरा शब्द "सलग" हा आहे. १०० एमबीपीएसची लाइन मधेच दोन सेकंद शून्यावर गेली तर मॅच अडकते. ३० ची लाइन स्थिर असेल तर अडकत नाही. एका टीव्हीसाठी ३० पुरे. घरात दोन टीव्ही आणि मुलांचे फोन सोबत चालत असतील तर १०० घ्या.

डेटा मोजायला सोपा आहे. ५ एमबीपीएसने दोन तास म्हणजे ३६,००० मेगाबिट, त्याला ८ ने भागलं की साडेचार जीबी. आठवड्याला चार मॅच धरल्या तरी महिन्याला ७५-८० जीबी होतात, फायबरच्या मर्यादेत ते सहज बसतं.

फोनच्या डेटावर मात्र हिशेब वेगळाच होतो, आणि तो नेमका कुठे तुटतो हे बघण्यासारखं आहे. फोनवर साधारण ३ एमबीपीएसने मॅच चालली तर रोजचा दीड जीबी ६७ मिनिटांत संपतो. पहिला हाफ, वाढीव मिनिटं आणि १५ मिनिटांची विश्रांती यांतच साधारण ६२ मिनिटं जातात, म्हणजे दुसरा हाफ सुरू होऊन पाच मिनिटं झाली की नेट रांगायला लागतं. २ जीबीच्या पॅकमध्ये तेच दुसऱ्या हाफच्या मध्यावर होतं. रोजचा कोटा रात्री १२ ला नवा होतो. त्यामुळे साडेबाराची मॅच पुढच्या दिवसाचा कोटा खाते आणि सकाळी ऑफिसच्या कामाला काही उरत नाही. फोनवरच बघायचं असेल तर चित्राचा दर्जा स्वतः कमी करा, "ऑटो" वर सोडू नका. ५जी अमर्याद मिळणारा प्लॅन असेल तर प्रश्न मिटतो, पण घराच्या आत ५जी टिकतं का ते आधी बघा. ४जी वर घसरलं की कोटा पुन्हा मोजला जातो.

लाइन घेताना कंपनीच्या नावाआधी एक गोष्ट विचारा: फायबर थेट घरात येतं, की इमारतीपर्यंत फायबर आणि तिथून पुढे लॅनची वायर? दुसऱ्या प्रकारात जिन्याखाली एक स्विच बसवलेला असतो आणि त्याला वीज लागते. लाइट गेली की तो बंद, मग तुमच्या घरात इन्व्हर्टर असून उपयोग नाही. थेट घरात येणाऱ्या फायबरला मधल्या वाटेत वीज लागत नाही. शेजारच्या दोन घरांत विचारा की पावसाळ्यात लाइन किती वेळा तुटली आणि दुरुस्तीला माणूस किती दिवसांत आला. सिमेंट रोडसाठी खोदकाम सुरू असलेल्या भागात हा प्रश्न वेगापेक्षा महत्त्वाचा आहे.

पायरी ५: राउटरची जागा

वेगाची तक्रार करणाऱ्या घरांत दोष पुष्कळदा लाइनचा नसतो, राउटर कुठे ठेवलाय त्याचा असतो. फायबरवाला दारातून वायर आणतो आणि दाराजवळच, मीटरशेजारी किंवा माळ्यावर राउटर टांगून जातो, कारण त्याची वायर तिथे संपते. तो वायर टाकत असतानाच त्याला सांगा की राउटर हॉलमध्ये, टीव्हीच्या जवळ हवा. दहा मीटर जास्तीची वायर तेव्हा सहज मिळते, नंतर त्यासाठी चकरा होतात.

नागपूरच्या घरात यात एक गोष्ट आणखी लक्षात घ्यावी लागते, ती म्हणजे कूलर. मार्चअखेर खिडकीत पत्र्याचा कूलर लागतो आणि फेब्रुवारीपर्यंत नीट चालणारी मॅच एप्रिलमध्ये अडकायला लागते. लोक कंपनीला फोन करतात. पत्रा वायफायच्या लहरी परतवतो, टाकीतलं पाणी त्या शोषून घेतं. राउटर आणि टीव्ही यांच्या मधल्या रेषेत कूलर येत असेल तर राउटर दुसऱ्या भिंतीवर न्या, खांद्याच्या उंचीवर, कूलरच्या हवेच्या झोतापासून बाजूला. ओली हवा सारखी लागली की अ‍ॅडॅप्टरच्या पिनांवर गंज चढतो. पश्चिमेच्या खिडकीतही राउटर नको. ४५ अंशांच्या दुपारी उन्हात तापलेला राउटर संध्याकाळी स्वतःहून बंद-चालू होत राहतो.

राउटरवर बहुतेकदा दोन वायफाय दिसतात, एक २.४ गिगाहर्ट्झचं आणि एक ५ चं. टीव्ही त्याच खोलीत असेल तर ५ ला जोडा, एका पक्क्या भिंतीपलीकडे असेल तर दोन्ही करून बघा. महाल-इतवारीतल्या जुन्या वाड्यांच्या जाड भिंतींतून ५ चा सिग्नल फारसा जात नाही.

सर्वात खात्रीचा उपाय मात्र लॅनची वायर आहे. कॅट ६ वायर मापाने घ्या, दोन्ही टोकांना प्लग बसवूनच आणा, आणि टीव्हीच्या मागे लॅन पोर्ट असेल तर सरळ जोडा. बऱ्याच टीव्हींचा पोर्ट १०० एमबीपीएसचाच असतो. मॅचला तेवढा भरपूर आहे.

फायबरची पिवळी किंवा पांढरी बारीक वायर कधीही घडी घालून खिळ्याला अडकवू नका. आत काच असते. वेढा तळहाताएवढा मोठा ठेवा. तीव्र वळणातून प्रकाश बाहेर सांडतो आणि लाइन चालू दिसूनही वेग पडतो.

वीज जाण्यासाठी राउटरचा छोटा यूपीएस घ्या. राउटरच्या अ‍ॅडॅप्टरवर १२ व्होल्ट आणि १, दीड किंवा २ अँपिअर असं छापलेलं असतं. यूपीएस तेवढ्याच व्होल्टचा आणि तेवढ्या किंवा जास्त अँपिअरचा हवा. फायबरचा डबा आणि राउटर वेगळे असतील तर दोन्हींना वीज लागेल, म्हणजे दोन आउटपुट असलेला. बर्डीवरच्या दुकानात जाताना अ‍ॅडॅप्टर सोबत न्या, कारण पिनची जाडी डोळ्यांनी सारखी दिसते आणि घरी आल्यावर बसत नाही.

पायरी ६: टीव्ही, स्टिक आणि डबा

स्मार्ट टीव्ही पाच-सहा वर्षांहून जुना असेल तर त्यात अ‍ॅप येईल, पण जड चालेल किंवा अद्ययावत व्हायचं थांबलेलं असेल. टीव्ही बदलू नका. एचडीएमआय पोर्ट असलेल्या कोणत्याही टीव्हीला फायर टीव्ही स्टिक किंवा गुगल टीव्हीचा डबा लागतो. घेण्याआधी तुमच्या यादीतली सगळी अ‍ॅप त्यावर मिळतात का ते बघा, आणि एमएलएस बघायची असेल तर अ‍ॅपल टीव्हीचं अ‍ॅपही.

स्टिक लावताना होणारी नेहमीची चूक: तिची वायर टीव्हीच्या यूएसबी पोर्टला लावणं. तो पोर्ट बऱ्याचदा अर्धा अँपिअरच देतो, स्टिकला एक लागतो. मेनू चालतो, मॅच लावली की दहा मिनिटांत स्टिक पुन्हा सुरू होते. सोबत आलेला अ‍ॅडॅप्टर भिंतीच्या बोर्डातच लावा. टीव्ही भिंतीला चिकटून असेल तर सोबतची एचडीएमआयची छोटी वायर वापरा, म्हणजे स्टिकला हवा मिळते आणि वायफायही बरं पकडतं.

आवाज येतो पण पडदा काळा, असं झालं तर जुना एचडीएमआय स्प्लिटर किंवा कन्व्हर्टर मधून काढून बघा. चित्राच्या संरक्षणाची तपासणी तिथे अडते. फोनवर चित्र कितीही केलं तरी धूसरच दिसत असेल तर प्ले स्टोअरवरून डीआरएम इन्फो हे अ‍ॅप घेऊन वाइडवाइनची (चित्राच्या संरक्षणाच्या पद्धतीची) पातळी बघा. एल३ लिहिलेलं असेल तर बरीच अ‍ॅप एचडी देत नाहीत, नेट कितीही चांगलं असो.

आणि हौशी माणसासाठी: युरोपात फुटबॉलचं चित्रण सेकंदाला ५० च्या हिशेबाने होतं आणि आपली स्टिक ६० वर असते. कॅमेरा मैदानावरून वेगात फिरला की बारीक झटके दिसतात ते त्यामुळे. स्टिकच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ५० हर्ट्झ निवडून एक मॅच बघा. टीव्हीतली हालचाल गुळगुळीत करणारी सोय मात्र बंद किंवा अगदी कमी ठेवा, नाहीतर उंच चेंडूमागे शेपूट दिसतं.

पायरी ७: वेळा

ऑक्टोबरचा शेवटचा रविवार ते मार्चचा शेवटचा रविवार युरोपातली घड्याळं एक तास मागे असतात. त्यामुळे शनिवारची प्रीमियर लीग उन्हाळी वेळेत संध्याकाळी ५, रात्री ७:३० आणि १० ला, तर हिवाळ्यात ६, ८:३० आणि ११ ला. चॅम्पियन्स लीगच्या मुख्य मॅच रात्री १२:३० ला, हिवाळ्यात १:३० ला. लवकरच्या १०:१५ किंवा ११:१५ ला. लक्षात ठेवायची खूण: "मंगळवारची" चॅम्पियन्स लीग आपल्या कॅलेंडरवर बुधवारी उजाडते. गजर मंगळवारचा लावून मॅच चुकलेली माणसं कमी नाहीत.

स्ट्रीमिंगचं चित्र केबलपेक्षा साधारण अर्धा मिनिट मागे असतं. कारण मॅच काही सेकंदांच्या तुकड्यांत पाठवली जाते आणि अडकू नये म्हणून अ‍ॅप आधी दोन-चार तुकडे जमवून ठेवतं. म्हणून शेजारी केबलवर बघत असेल तर गोल आधी भिंतीपलीकडून कळतो. यावर पक्का इलाज नाही. स्कोअरच्या अ‍ॅपच्या सूचना आणि मित्रांचा गट तेवढा वेळ बंद ठेवा, आणि मधे थांबवून पुन्हा चालू केलं असेल तर "लाइव्ह" बटण दाबून पुढे या. रात्री दीडला ब्लूटूथ हेडफोन लावले तर आवाज ओठांच्या मागे पडू शकतो. स्टिकमध्ये ऑडिओ मागे-पुढे करायची सोय असते, ती वापरा.

मॅचच्या अर्धा तास आधी हे करा: टीव्ही आणि स्टिकचा प्लग बोर्डातून काढून अर्धा मिनिट थांबा (रिमोटने बंद केल्याने ते नुसते झोपतात), अ‍ॅप उघडून लॉगिन टिकलंय का बघा, आणि टीव्हीवरच वेग तपासा. दुपारी फोनवर तपासलेल्या वेगाचा शनिवारी रात्री नऊला काही उपयोग नाही, कारण तेव्हा सगळी गल्ली नेटवर असते.

अडकलंच तर

आधी राउटरवरचे दिवे बघा. "लॉस" असं लिहिलेला दिवा लाल असेल तर फायबर तुटलंय किंवा निघालंय. वायर नीट बसलीय का एवढं बघा, मग तक्रार नोंदवा. राउटर शंभरदा बंद-चालू करून काही होणार नाही. मॅच फोनच्या हॉटस्पॉटवर घ्या, चित्र ७२० वर आणून. दिवे हिरवे असतील तर दुसरं अ‍ॅप उघडून बघा. यूट्यूब स्वच्छ चालतंय आणि मॅच अडकतेय, तर भार अ‍ॅपकडे आहे. दर्जा एक पायरी खाली आणा, नाहीतर अ‍ॅप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. दोन्ही अडकत असतील तर वायफाय किंवा लाइन. टीव्हीला लॅनची वायर लावली की दोघांपैकी कोण ते लगेच कळतं. अ‍ॅप उघडताच बंद पडत असेल तर टीव्हीची साठवण भरलीय. न लागणारी अ‍ॅप काढा, उरलेल्यांची कॅशे पुसा.

"जास्त ठिकाणी चालू आहे" असा संदेश आला तर कोणीतरी तुमच्या खात्यावर बघतंय. सेटिंगमधून सगळीकडून लॉगआउट करा, आणि भाच्याला पासवर्ड दिला होता का, ते विचारा.

शेवटची पायरी: केबल बंद करणं

महिनाभर दोन्ही चालवून घरातल्या सगळ्यांचं जमलं की मगच. बिलाची तारीख बघा आणि चालू रिचार्ज संपायच्या चार-पाच दिवस आधी केबलवाल्याला कळवा. तोंडी सांगून थांबू नका, मेसेज पाठवा, त्याची तारीख राहते. सेटटॉप बॉक्स विकत घेतलेला की भाड्याचा, हे जुन्या पावतीवर असतं. भाड्याचा असेल तर बॉक्स, रिमोट आणि अ‍ॅडॅप्टर परत देऊन पोचपावती घ्या आणि अनामत रक्कम मागा. परत दिला नाही तर पुढे त्याचे पैसे मागितले जाऊ शकतात. त्याच केबलवाल्याकडून नेटही घेत असाल तर दोन्हींची बिलं वेगळी आहेत का ते आधी विचारा. केबल बंद करताना नेटची लाइनही कापली गेली तर नवीन जोडणीत आठवडा जातो, आणि त्या आठवड्यात मॅच असतेच. भिंतीतली केबलची काळी वायर उपटू नका. छताजवळ टोक गुंडाळून ठेवा. पुढे मन बदललं किंवा घरात भाडेकरू आले, तर तीच वायर पुन्हा जोडता येते.